नऊ घासांचा वेळ

एप्रिल उजाडला की बांगभावजींच्या केस कापायच्या दुकानात एक शब्द तोंडातून काढायचा नाही, असा नियम होता. तो शब्द पानगळ. बेसबॉलच्या दहा संघांतले वरचे पाच तेवढे पानगळीत खेळतात, बाकीच्यांचा मोसम झाडं पिवळी पडायच्या आत गुंडाळला जातो. आणि बुसानच्या संघाची सगळी मर्दुमकी वसंतातच सरते, हे त्या दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला चाळीस वर्षांच्या अनुभवाने पाठ झालं होतं. चेरी फुलली की पोरं जिंकू लागायची, उन्हाळ्याने डोळे वटारले की धापा टाकायची. म्हणून नियम. जो कोणी तो शब्द बोलेल त्याने उठायचं आणि चालू डाव संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं.

त्या वर्षी पहिल्या चौदा सामन्यांत अकरा जिंकले होते. दुकानातली माणसं त्यामुळे आनंदी होण्याऐवजी जरा घाबरलेलीच होती.

"अकरा," वस्तरा पुसत बांगभावजी म्हणाले. "मी नुसता आकडा सांगतोय हं, वहिनी. बाकी काही म्हणत नाही."

"म्हणूच नका," ओकनाम म्हणाली.

"तो डावखुरा पिचर बरा टाकतोय यंदा."

"बरा टाकतोय."

"मागच्या वर्षीसारखा खांदा धरून बसला नाही, तर कदाचित..."

"भावजी, बाकावर बसायची हौस आलीय का? बाहेर गार वारं सुटलंय."

खुर्चीत तोंडभर फेस घेऊन बसलेले छे आजोबा फेसातूनच बोलले, "माझी दाढी पुरी होऊ दे, मग काढा त्याला बाहेर. अर्ध्या दाढीने घरी गेलो तर म्हातारी दार उघडायची नाही."

सगळे हसले. पण टीव्हीवर आपला फलंदाज येऊन उभा राहिला तसं हसू आपोआप ओसरलं.

ओकनाम सत्त्याहत्तर वर्षांची होती. पुरुषांच्या त्या दुकानात रोज येऊन बसणारी ती एकटीच बाई. भिंतीकडची मोडक्या पाठीची खुर्ची तिची म्हणूनच ठरलेली. तिचा नवरा दूमान आणि बांगभावजी तरुणपणी एकाच बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायचं काम करत. डिंकाच्या वासाने डोकं उठतं म्हणून बांगभावजी दोन वर्षांत बाहेर पडले आणि कात्री धरली. दूमान राहिला. तीस वर्षं राहिला. त्याला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली होती, आणि येत्या शनिवारी त्याची तिथी होती.

सामना संपल्यावर ती उठली तेव्हा बांगभावजी दारापर्यंत आले.

"त्याला सांगणार ना यंदाचं?"

"सांगणार. दर वर्षी सांगते."

"जपून सांगा. अकरा वगैरे म्हणू नका. बरं चाललंय, एवढंच म्हणा. मेलेल्या माणसाचंही मन मोडतं, वहिनी."

पण ओकनामला अकरा सांगायचे होते. एकोणीस वर्षांत एवढं मोठं सांगण्यासारखं काही झालं नव्हतं. तिसरे आहेत, चौथे आहेत, परवा एक छान जिंकले, असंच काहीबाही ती सांगत आली होती. अकरा हा आकडा गेले चार दिवस तिने तोंडात खडीसाखरेसारखा धरून ठेवला होता.

दूमानची तिथी म्हणजे चांद्रपंचांगाच्या तिसऱ्या महिन्यातली दशमी. कधी ती चेरी कळीत असताना यायची, कधी पाकळ्या गटारातून वाहून गेल्यावर. पण वसंताच्या बाहेर ती कधी गेली नाही. त्यामुळे हा माणूस मेल्यावर घरी यायचा तो वसंतातच, आणि संघ तेव्हा वरच असायचा. एकोणीस वर्षं तो येत होता, भात खात होता, चांगली बातमी ऐकत होता आणि जात होता. पुढे काय झालं ते त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. पानगळ लागताना, आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला, सगळ्या पूर्वजांना पान वाढतात, तेव्हाही तो यायचा म्हणा. पण ते पान मिर्यांगला, थोरल्या दिरांच्या घरी; दीर गेल्यावर आता त्यांचा मुलगा वाढतो. तिथे पणजोबा, आजोबा, सासरे, थोरले दीर अशी ओळ बसायची, आणि दूमान सगळ्यांत शेवटी. वडीलधाऱ्यांसमोर बेसबॉलचं कोण काढणार. वाकून नमस्कार करायचा आणि मागे सरायचं.

तिथीच्या आठवडाभर आधी सांग्यूचा, तिच्या मुलाचा, सुवॉनहून फोन आला होता.

"आई, एक बोलायचंय. रागावू नको."

"तू आधी बोल. रागावायचं का ते मी मग ठरवते."

"मिर्यांगच्या दादाशी बोलणं झालं माझं. आता सगळीकडे असंच करतात गं. प्रत्येकाची वेगळी तिथी नाही करत. पौर्णिमेला एकाच दिवशी सगळ्यांचं पान. बाबांचंही त्यातच धरू म्हणतोय. यंदा आपल्या घरी शेवटचं."

ओकनामने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मिरानच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली, तुला माहीतच आहे. तुझे गुडघे तसे. दोन माणसांनी वीस पदार्थ किती वर्षं करायचे?"

"तुझे बाबा तिथे शेवटी बसतात," ती म्हणाली.

"काय?"

"ओळीत शेवटी बसतात. त्या सगळ्यांसमोर ते तोंडसुद्धा उघडत नाहीत."

"आई, बाबा गेले त्याला किती वर्षं झाली."

"मला मोजून दाखवू नको. बघू. तुम्ही या तर आधी."

फोन ठेवल्यावर तिने ठरवलं होतं की नाही म्हणायचं. मुलगा समोर आला की सरळ नाही म्हणायचं. कारण विचारलं तर काय सांगायचं, ते मात्र तिला सुचलं नव्हतं.

खरं म्हणजे ओकनामला बेसबॉल मुळीच कळत नव्हता. तो कळायला लागला नवरा मरायला टेकला तेव्हा. त्याआधी पंचवीस वर्षं तो खेळ म्हणजे तिच्या घरातला एक गोंगाट होता. मैदानावर कचऱ्यासाठी केशरी पिशव्या वाटत, आणि लोक त्यांत हवा भरून त्या डोक्याला बांधत. दूमान तशीच पिशवी डोक्यावर घेऊन, घसा बसवून, रस्त्यातल्या रस्त्यात चार माणसांशी भांडून घरी यायचा. ती म्हणायची, "कचऱ्याच्या पिशवीत डोकं घालून आलात, योग्य जागी ठेवलंत." तो म्हणायचा, "यंदा काही खरं नाही, ओकनाम." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा.

मग फुफ्फुसं गेली. इस्पितळात चार खाटांच्या खोलीत त्याला भिंतीकडची खाट मिळाली. पहिल्या संध्याकाळी त्याने विचारलं, "काय झालं?" आवाज कागद चुरगाळावा तसा. बांगभावजींनी फोनवर तिला नुकतंच सांगितलं होतं: नऊ-एकने हरले, ओळीने पाचवा. तिने तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "जिंकले."

"किती?"

"नऊ-एक."

त्याने डोळे मिटले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या कपाळावरची शीर सैल पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानाचं दार उघडायच्या आधी तिथे जाऊन उभी.

"भावजी, मला बेसबॉल शिकवा."

"आत्ता?"

"अकराला भेटायची वेळ आहे. त्याच्या आत."

बांगभावजींनी तिला खुर्चीत बसवलं, आणि आरशावर साबणाने मैदान काढून दाखवलं. पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि जिथून निघायचं तिथेच परत यायचं. मग ते सामना रचायला बसले. कोणी टाकला, कोणी टोलवला, सातव्या डावात कसे पिछाडीवरून पुढे आले. ती बसमध्ये पाठ करत जायची. खिशात कागद, ओठ हलताहेत. शेजारचे लोक म्हणत असतील, म्हातारी मंत्र म्हणतेय. खाटेजवळ बसून ती सांगायची आणि दूमान ऐकायचा. एकदा म्हणाला, "दोन गडी बाद असताना तो असा हळूच टोलवेल? वेडा आहे का?" "मलाही तेच वाटलं," ती म्हणाली, "पण टोलवला खरा." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची देखभाल करणाऱ्या बाईने सगळं ओळखलं होतं. तीही मदतीला यायची. "काल बाई, काय खेळले हो," एवढं म्हणून आपलं भांडं घेऊन बाहेर जायची.

सतरा दिवस असं चाललं. त्या सतरा दिवसांत खरा संघ चौदा सामने हरला. इस्पितळातला संघ पंधरा जिंकला. दोन तेवढे बांगभावजींनी हट्टाने हरवले. "सगळेच जिंकले तर ओळखेल तो. आपला संघ आहे, वहिनी."

सोळाव्या दिवशी दूमानने तिचा हात धरला. धरला म्हणजे बोटं तिच्या बोटांवर ठेवली. "ओकनाम," तो म्हणाला, "यंदा थोडं थोडं वाटतंय बघ." मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाला, "पण वसंतातलं खरं मानायचं नाही. पानगळीत सांग मला."

त्यानंतरची एक रात्र आणि अर्धा दिवस. दशमीला तो गेला.

त्या वर्षी संघ शेवटचा आला. ते ओकनामने दुकानात बसून शेवटपर्यंत पाहिलं. ऐकणारा गेला होता, पण कान तिकडेच लागून राहिले होते. पहिल्या वर्षीच्या तिथीला सांगावं म्हणून तिने मन घट्ट केलं, तर नेमके तेव्हा संघ तिसरा. मग तेच सांगितलं. दुसऱ्या वर्षीही तसंच. आणि असं करत करत, बघता बघता, एकोणीस वसंत.

शनिवारी दुपारी सांग्यू आणि मिरान आले. नातवाची परीक्षा होती, तो आला नाही. सांग्यूने अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडून गुंडाळून ठेवली, म्हणजे येणाऱ्याची बाही अडकणार नाही. दोरी सोडताना तो वर पाहत होता तेव्हा ओकनामला त्याचं डोकं मागून दिसलं. मध्यभागी चांगलाच चंद्र उगवला होता. दूमानचं डोकं शेवटपर्यंत दाट होतं. मुलगा बापापेक्षा म्हातारा दिसायला लागला की आईने कुठे बघायचं, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरात मिरान उजव्या मनगटाला पट्टा बांधून डाव्या हाताने मासळीचे तळलेले तुकडे उलटत होती. एक तुकडा काठावरून घसरून जमिनीवर पडला. तिने तो उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

"कुणी पाहिलं नाही ना, आई?"

"अजून वाटेत असतील. चढ आहे, त्यांना दम लागतो."

मिरान हसली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "आई, बंद करा असं मी नव्हते म्हणाले. मी यांना म्हटलं, आधी आईंना विचारा."

"विचारलं त्याने."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हटलं."

"पुढच्या वर्षीपर्यंत हात सुधारला तर मी एकटीसुद्धा..." तिने तुकडा उलटला. तो अर्धाच उलटला, आणि तिचा चेहरा क्षणभर दुखऱ्या दाताला पाणी लागावं तसा झाला. ओकनामने तिच्या हातातून उलथणं घेतलं.

"जा, भात बघ. हे मी करते."

नाही म्हणायचं होतं ते तिथेच, त्या तव्यापाशी संपलं. तिला रागही आला नाही. एवढंच लक्षात आलं की दूमान आज इथे शेवटचा येतोय. पुढे तो मिर्यांगला ओळीच्या टोकाशी बसेल, मान खाली घालून, मांडीवर एकोणीस वसंत घेऊन. पानगळीत सांग म्हटलेल्या बायकोची वाट बघत. आणि तिथे त्याला कोणी काही सांगणार नाही.

पान मांडलं. भात, सूप, पूर्वेकडे तोंड केलेला मासा, उकडलेला अष्टपाद, वरची साल काढलेलं सफरचंद. बाजूला उकडलेल्या शेंगा, मैदानावर खायचा तशा. तिखट तेवढं नाही. पूर्वजांच्या पानात मिरची चालत नाही. "वर्षातून एकदा येतात आणि मिरची नाही," ओकनाम दर वर्षी म्हणायची तसं म्हणाली, आणि आपण हे शेवटचं म्हणतोय हे बोलून झाल्यावर तिला कळलं.

साडेसहा वाजत होते. गल्लीच्या तळाशी बांगभावजींच्या दुकानातून टीव्हीचा आवाज वर येत होता. शनिवारचा सामना पाचला सुरू झाला होता. मध्येच माणसं एकदम ओरडली. चांगलं झालं असावं.

सांग्यूने वडिलांच्या नावाचा कागद लावला, मद्य ओतलं, दोनदा जमिनीला कपाळ टेकलं. भातात चमचा उभा केला. मग तिघंही खोलीबाहेर आली आणि दार ओढून घेतलं. आलेल्याने जेवायचं, ते एकट्याने. नऊ घास खायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घरच्यांनी बाहेर थांबायचं, असं जुनी माणसं सांगत. मग घरातल्या पुरुषाने तीनदा खाकरायचं आणि दार उघडायचं.

सांग्यू सिगारेट घेऊन अंगणाच्या टोकाला गेला. मिरान नळाशी. ओकनाम दर वर्षीसारखी दाराला पाठ टेकून लाकडी ओसरीवर बसली. हा वेळ तिचा होता. दर वर्षी ती एक वाक्य बोलायची आणि उरलेला वेळ नुसती बसायची. दाराच्या आत तो जेवतोय आणि बाहेर आपण बसलोय, एवढंही बरं वाटायचं.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सांग्यूचे बाबा. तुम्ही जेवा, मी बोलते. थांबू नका."

आत शांत होतं.

"त्या वर्षी इस्पितळात मी सांगत होते ना, ते खोटं होतं. नऊ-एकने हरले होते. मी उलटं सांगितलं. सतरात चौदा हरले. ते सामने भावजींनी रचले, मी बसमध्ये पाठ करायचे. दोन गडी बाद असताना हळूच टोलवला असं मी म्हणाले, ते माझंच चुकलं होतं. कागदावर दुसरंच होतं. तुम्ही बरोबर ओळखलं होतंत."

तिने हाताने गुडघा चेपला.

"पानगळीत सांग म्हणालात. तुम्ही पानगळीत येता ते त्या सगळ्यांबरोबर. मी कधी सांगायचं? म्हणून आता सांगते. त्या वर्षी शेवटचे आले. पावसाळ्यातच संपलं सगळं. पुढच्या वर्षी, तुम्ही आलात तेव्हा तिसरे होते ना, ते सहावे झाले. त्याच्या पुढच्या वर्षी तो तुमचा लाडका, दुसऱ्या बेसवरचा, गुडघा मोडून गेला. सातवे आले. मग एकदा पोचले हो पानगळीपर्यंत. पोचले, आणि तीन दिवसांत परत आले. भावजी त्या दिवशी दुकान बंद करून बसले होते..."

तिला सगळं आठवत होतं. तिला वाटलं होतं की दोन वाक्यांत होईल, पण एक वर्ष काढलं की त्याच्या मागून दुसरं येत होतं. कोणता पिचर विकला, कोणत्या वर्षी शेवटच्या दिवशी एका सामन्याने हुकलं, कोणत्या उन्हाळ्यात ओळीने अकरा हरले आणि छे आजोबांनी टीव्हीवर चप्पल फेकली. हरण्याबरोबर घरचंही येत होतं. ज्या वर्षी आठवे आले त्या वर्षी सांग्यूचं काम सुटलं होतं, हे तुम्हाला सांगितलं नाही. ज्या वर्षी पाचव्यासाठी झगडले त्या वर्षी मी पायऱ्यांवरून पडले, तेही नाही. ती घाई करत नव्हती. एखादी बाई शेजारणीला निवांत सांगते तशी ती सांगत होती, आणि तेराव्या वर्षाशी आली, सोळाव्याशी आली.

"मागच्या वर्षी सातवे. तो डावखुरा खांदा धरून बसला. आता एवढंच राहिलं की यंदा..."

अंगणात सांग्यू तीनदा खाकरला.

त्याची नऊची गाडी होती. त्याने सिगारेट विझवली होती, पायताण काढलं होतं, आणि ओकनाम हात वर करेपर्यंत त्याने तिच्या डोक्यावरून वाकून दार उघडलंही. आत दोन मेणबत्त्या होत्या तशाच जळत होत्या. चमचा भातात उभा होता. दर वर्षी ओकनामला वाटायचं की भात थोडा खचलाय. यंदा तिने पाहिलं, भात जसा ठेवला होता तसाच होता.

सूप काढून पाणी ठेवलं गेलं. सांग्यू पुन्हा वाकला, मिरान वाकली. बोलायला अजून वेळ होता म्हणा, पण पन्नाशीच्या मुलासमोर नवऱ्याशी बोलायची तिला सवय नव्हती. आणि सांग्यूने नावाचा कागद काढून मेणबत्तीवर धरला; तो जळला की आलेला परत निघाला, असं धरतात. कागद पातळ होता. वळला, काळा झाला, वर उडाला आणि संपला.

जेवताना, भातात भाज्या कालवता कालवता ओकनाम म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून मिर्यांगला ठेवा त्यांचा वाडगा. दादाला सांग."

सांग्यूचा चमचा थांबला. त्याला बरं वाटलं ते लपवता आलं नाही, आणि त्याची लाजही लपवता आली नाही.

"आई, तुला वाईट नाही ना वाटलं?"

"किती मीठ पडलंय रे यात. पाणी दे इकडे."

निघताना मिरानने वाकून सासूची चप्पल ओसरीवर सरळ मांडून ठेवली, जशी ती आल्यागेल्या पाहुण्यांची ठेवायची. दोघं चढ उतरून गेली.

आठ वाजून गेल्यावर बांगभावजी वर आले. तिथीचा वाटा घ्यायला ते दर वर्षी येत. ओसरीवर बसून त्यांनी आधी दम घेतला.

"सहा-दोन," ते म्हणाले. "बारा झाले. मी काही म्हणत नाही."

"म्हणू नका."

"डावखुऱ्याने आठ डाव टाकले, वहिनी. आठ. असं मी आपल्या पोरांत दहा वर्षांत पाहिलं नाही. मला तर रात्री झोप लागायची नाही." त्यांनी मान हलवली. "सांगितलंत ना त्याला?"

ओकनाम पानातले पदार्थ ताटलीत काढत होती.

"सांगितलं. सगळं सांगितलं. इस्पितळातले सतरा दिवसही."

बांगभावजी जरा पुढे सरकले.

"माझं नाव घेतलंत?"

"घेतलं."

"मग काय म्हणाला?"

"काय म्हणणार. जेवत होते."

"आणि यंदाचं? बरं चाललंय म्हणालात, की अकरा म्हणालात?"

ओकनामने ताटली खाली ठेवली. "यंदाचं राहिलं, भावजी. मागचंच एवढं होतं की तिथपर्यंत पोचलेच नाही. सांग्यूने दार उघडलं."

"असू दे हो. पुढच्या वर्षी सांगा की..."

मिर्यांगचं त्यांनाही ठाऊक होतं. तिनेच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी वाक्य तिथेच सोडून दिलं आणि खिशातून रुमाल काढून उगाच मान पुसली. एवढ्या चांगल्या बातमीचं आता काय करायचं, हे त्या दोघांपैकी कुणालाच सुचेना.

ओकनामने दूमानच्या वाडग्यातला भात दोन ठिकाणी वाढला. गार झाला होता. तिने वर लाल तिखटाचा चमचाभर गोळा ठेवला आणि एक वाडगा बांगभावजींपुढे सरकवला.

"खा," ती म्हणाली. "पोरांना गाडीची घाई होती. ह्यांनी नीट खाल्लंच नाही."

दोघं ओसरीवर बसून भात खात राहिली.